सत्यभामेचं प्रस्थान

॥ श्री ॥
ते रापा, हॅमिल्टन
५ जून २०२५

प्रिय शकुवन्सं,

नमस्कार. काल सामान आलं. झाकण असलेला थर्माकोलचा डबा एक, बावीस डॉलर. हीटपॅक दोन, मिळून चौदा. घरपोच आणून द्यायचे आठ, ते मात्र जिवावर आले. चिकटपट्टी घरात होती. कापडी पिशवी विकत घ्या म्हणाला होतात, ती घेतली नाही. ह्यांच्या जुन्या सदऱ्याची बाही कापून शिवली, दुहेरी टीप घातली आहे. एकूण चव्वेचाळीस डॉलर. एका पालीच्या प्रवासाला. सासूबाई असत्या तर केरसुणी घेऊन आधी मला बाहेर काढलं असतं.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते. गुरुदत्तची मेलबर्नची नोकरी पक्की झाली. सोळा ऑगस्टला निघायचं. घर विकलं गेलं, मृदुलाने भांडी वाटायला सुरुवातही केली. सत्यभामेला मात्र तिकडे नेता येत नाही, पाळलेली पाल ऑस्ट्रेलियात येऊच देत नाहीत म्हणे. तुम्ही आपणहून म्हणालात, "दादाची पाल मी सांभाळीन," तेव्हा ओझं उतरलं.

हीटपॅकवर छापलं होतं की चाळीस तास गरम राहतो. छापलेलं सगळंच खरं नसतं, म्हणून एक फोडून पाहिला. खरंच राहतो. मग ती ऊब वाया कशाला घालवायची, त्याच्यावर विरजणाचं पातेलं ठेवलं. या हिवाळ्यात पहिल्यांदाच दही इतकं घट्ट लागलं. एक शिल्लक आहे. एकच पुरेल ना?

काल डबा टेबलावर ठेवला आणि आमचा इथला पहिला हिवाळा आठवला. ह्यांची दुधाच्या कारखान्यात पहाटेची पाळी, गुरुदत्त कॉलेजला. दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. एकदा जेवताना बोलून गेले, की या देशात भिंतीवर साधी पाल नाही, माणूस खरं बोललं तरी चुकचुकून साक्ष द्यायला कोणी नाही. बोलले आणि विसरले. महिन्याने हे एक काचेची पेटी घेऊन आले. आत पिवळी, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल. म्हणाले, "घे तुझी साक्षीदार." मी दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी ह्यांनी तिचं नाव सत्यभामा ठेवलं, मग हसू आवरेना.

चौदा वर्षं झाली. सोमवारी पाठवू का, ते कळवा.

तुमची,
विभावरी


रिकार्टन, क्राइस्टचर्च
१४ जून २०२५

ती. विभावहिनींना शकुचा नमस्कार.

पत्र आजच मिळालं. टपाल हल्ली आठवड्यातून दोन-तीनदाच येतं, त्यामुळे सगळी पत्रं शिळी होऊन पोचतात. हीटपॅकवर दही लावणाऱ्या अख्ख्या न्यूझीलंडमध्ये तुम्ही एकट्याच असाल. आता दुसऱ्याला हात लावू नका. पुडी फोडून हवा लागली की तो तापायला लागतो आणि मग थांबवता येत नाही.

इथे पाली-कासवं पाळणाऱ्यांचा एक क्लब आहे. तिथल्या हेलनबाईंना जाऊन भेटले. त्यांनी सांगितलं ते नीट वाचा, आणि वहिनी, तुमचं डोकं त्यात घालू नका.

निघण्याआधी चार दिवस खायला काही द्यायचं नाही. पोटात अन्न असताना ती गारठली तर ते पचत नाही, आतच कुजतं. पाणी चालेल, पण डब्यात वाटी ठेवायची नाही, सांडून पिशवी ओली होते. पिशवीत मऊ कागदाच्या पट्ट्या घाला आणि डब्यात पिशवी हलणार नाही अशी बसवा. डबा उपडा झाला तरी ती आत आपटता कामा नये. हीटपॅक निघण्याआधी तासभर फोडून ठेवा, गरम झाला याची खात्री करा आणि झाकणाला आतून चिकटवा. तिच्या अंगाला लागता कामा नये, भाजेल. डब्याला भोकं पाडा आणि ती बुजवू नका. हीटपॅकलाही हवा लागते, नाहीतर पालीच्या आधी तोच विझेल.

आणि शालीत गुंडाळू नका. तुमचा हात शालीकडे जाणार हे मला इथून दिसतंय. शाल ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवते, आणि पालीच्या अंगात स्वतःची ऊब नसतेच. ती नुसती शालीत बसून गारठेल.

सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा. शुक्रवारी दिलीत तर शनिवार-रविवार गोदामात पडून राहील. दारात ठेवून जाऊ नका असं मी इथल्या कुरिअरच्या डेपोत सांगून ठेवते, मीच जाऊन आणीन. इथे रात्री शून्याच्या खाली जातंय.

साक्षीदाराचं वाचून मिरजेचं घर आठवलं. स्वयंपाकघरात ट्यूबलाइटच्या मागे एक पाल असायची. ती चुकचुकली की आई हातातलं काम टाकून बोटांनी जमिनीवर टकटक करायची आणि "कृष्ण कृष्ण" म्हणायची. दादा दाराआड उभा राहून जिभेने हुबेहूब तसा आवाज काढायला शिकला होता. "आई, मी सगळी गणितं सोडवली." चुक चुक चुक. "कृष्ण कृष्ण. शहाणा माझा बाळ." मी चुगली केली तर आई म्हणायची, पाल कधी खोटं बोलत नाही, तूच बोलतेस. एका निकालाच्या दिवशी ते सगळं फुटलं. पण त्या दिवसापर्यंत तो घरातला सर्वांत सत्यवचनी मुलगा होता.

तेवीस तारखेच्या सोमवारी पाठवा. मी वाट पाहते.

तुमची,
शकु


॥ श्री ॥
ते रापा
३० जून २०२५

प्रिय शकुवन्सं,

ह्यांचा तो आवाज मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मीही त्या आवाजाला टकटक केली होती. ही गोष्ट ह्यांनी मला कधी सांगितली नाही, आज तुमच्या पत्रातून कळली. सासूबाई माझ्याकडे बघून का हसत होत्या, तेही आज कळलं.

पाल आलेली नाही हे तुम्हाला दिसलंच आहे. रागावू नका. झालं ते सांगते.

तेवीसचा सोमवार पंचांगात बरा नव्हता, अवस तोंडावर. त्याआधीचा शुक्रवार चांगला. म्हणून शुक्रवारी तिचं प्रस्थान ठेवलं. हे कॉलेजला पुण्याला निघायचे तेव्हा सासूबाई ठेवायच्या, तुम्ही पाहिलं असेल: चांगल्या मुहूर्तावर अक्षता, सुपारी आणि प्रवासातली एखादी वस्तू बांधून शेजारी ठेवायची. मग निघाल्यासारखंच झालं. नंतर वार कसाही असला तरी ज्याचं त्याने जाऊन ते आपल्या हाताने उचलायचं आणि परत घरात न येता पुढे जायचं.

आता पालीची प्रवासातली वस्तू कुठली? ना वहाण, ना कपडा. विचार करून हीटपॅकच बांधला, पुडी न फोडता. शेजारच्या अरोहाकडे नेऊन दिला. गुरुदत्त म्हणाला, "आई, पालीचं प्रस्थान? तिला काय सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं की पूजेचं आहे, सोमवारपर्यंत ठेव. तो म्हणाला, "तुझ्या इंग्रजीत सांगितलंस की तिच्या?"

सोमवारी सकाळी पालीच्या वतीने मी आणायला गेले. अरोहाने दारातच मला मिठी मारून माओरीत नमस्कार केला. "किया ओरा, विभा. माय नी इज हेप्स बेटर." शनिवारी तिचा गुडघा धरला होता. पूजेचं म्हणून विश्वासाने तिने तो फोडून गुडघ्याला बांधला आणि अगदी उतार पडला. अक्षता पक्ष्यांना घातल्या. सुपारी तेवढी जपून ठेवली होती, कपाटाची निखळलेली मूठ असावी म्हणून.

तिला खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, बरं वाटलं ना, झालं तर. डबा रिकामा, कुरिअरच्या गाडीची वेळ झालेली. ते रापात दुकानं पुष्कळ, पण मिळाले ते हातात धरायचे. दुकानदारच म्हणाला, हे फार तापतात आणि सहा-सात तासांत संपतात, पालीला नकोत. म्हणून राहिलं.

एकादशी सहा तारखेला आहे. त्या दिवशी तिलाही उपास असतो, एकादशीला मी तिला किडे देत नाही, ह्यांच्या वेळेपासून. त्यानंतर चार दिवसांनी गुरुपौर्णिमा. ती झाली की बघू. तुमच्याकडे थंडीही फार पडली आहे असं ऐकते.

तुमची,
विभावरी


रिकार्टन
८ जुलै २०२५

विभावहिनी,

सोबत दोन हीटपॅक पाठवते आहे. एक पालीला. दुसरा अरोहाच्या गुडघ्याला, म्हणजे पहिला सुरक्षित राहील.

पत्र वाचून पोट धरून हसले. मग परत वाचलं आणि हसू आलं नाही. आधी अवस, मग गुडघा, मग एकादशी, मग पौर्णिमा, मग आमच्याकडची थंडी. वहिनी, तुमच्या पंचांगात मोकळा दिवस नाही असं कधी झालं नव्हतं. मुंजीला, घरभरणीला, गुरुदत्तच्या विमानाला, सगळ्याला तुम्ही दिवस काढून दिलेत.

एक खरं सांगा. मी पालीला किती भिते हे तुम्हाला माहीत आहे. दादाने शाळेच्या दप्तरात मेलेली पाल घातली होती तेव्हापासून. माझ्या हाती ती द्यायला तुमचं मन होत नाही का? तसं असेल तर स्पष्ट लिहा, मी दुसरं घर शोधून देते. पण मी तयारी केली आहे. जुनी काचेची पेटी घेतली, खाली तापणारी गादी घेतली. माझ्या दोन खोल्यांपैकी मागची, रिकामी असते ती, तिला दिली. तिथे दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. दादाचा फोटोही तिथेच आहे. हेलनबाईंकडे दोनदा जाऊन त्यांची पाल हातावर घेतली. पहिल्यांदा किंचाळले. दुसऱ्यांदा नुसते डोळे मिटले.

तीन आठवडे मी त्या रिकाम्या पेटीसमोर चहा पिते आहे. सोळा ऑगस्टला तुम्ही जाणार. त्याच्या आत ती आली नाही तर तिचं काय करणार आहात?

शकु


॥ श्री ॥
ते रापा
२२ जुलै २०२५, मंगळवार

प्रिय शकुवन्सं,

आज सत्यभामा निघाली. हे पत्र पोचेल तोवर ती पोचली असेल, बरी-वाईट तुम्हालाच कळेल.

तुमच्यावर अविश्वास नाही. तुम्ही डोळे मिटून का होईना पाल हातावर घेतलीत, हे वाचून मी देवासमोर साखर ठेवली. मन होत नव्हतं ते वेगळ्या कारणाने.

हे कामावरून आले की हातपाय धुवून आधी तिच्या पेटीपाशी जायचे. "काय सत्यभामे, आज घरात कोण कोण खरं बोललं?" मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "तुम्ही सोडून सगळे." रोज तेच. दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन, पण संध्याकाळी तिची पेटी उघडली की हे घर अजून ह्यांचंच वाटतं. ती गेली की राहतात ती खोकी. म्हणून दिवस काढवत नव्हता. पंचांगाचा काही दोष नाही.

गुरुदत्त-मृदुलाबद्दल गैरसमज नको. तिकडे माझी स्वतंत्र खोली आहे, मोठी. मृदुलाने देवासाठी कपाटसुद्धा पाहून ठेवलं. तक्रार करायला जागाच ठेवली नाही पोरांनी, आणि तेच अवघड आहे. एवढं करणाऱ्या माणसांना नाही कसं म्हणायचं? मला ते कधी जमलं नाही. सासूबाईंपुढे जमलं नाही, ह्यांच्यापुढे जमलं नाही, आता मुलापुढे कुठून जमणार? सत्तरीत तिसरा देश. पहिल्यांदा आले तेव्हा हे बरोबर होते.

ते राहू दे. पालीचं लिहिते.

चार दिवस उपाशी ठेवलं. पेटीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघायची, मी तिकडे जाणंच टाळलं. सकाळी हीटपॅक फोडला, गालाला लावून पाहिला, गरम झाल्यावर झाकणाला चिकटवला आणि वर जाळीचं कापड लावलं. भोकं पाडली. बाहीच्या पिशवीत कागदाच्या पट्ट्या घातल्या आणि तिला सोडलं. सदऱ्याचा वास घेतला असेल का तिने, कोण जाणे. तोंड बांधलं. शालीकडे हात गेला होता, तुमची आठवण करून मागे घेतला.

प्रवासाला निघणाऱ्याला रिकाम्या पोटी कधी घराबाहेर काढलं नाही मी. निदान हातावर दही-साखर. तिला तर द्यायचं नाही. मग डब्यासमोर उभी राहून तिच्या नावाने मीच खाल्लं.

पिशवी एका बाजूला किंचित हलत होती. तिथे एक लहान पुरचुंडी बसवली आहे. टाकून देऊ नका.

डेपोतल्या माणसाने विचारलं, आत काय आहे? म्हटलं, गेको. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, आणि डबा सरळ धरून वरच्या फळीवर ठेवला. तो तिथे ठेवीपर्यंत मी हलले नाही. गुरुदत्त गाडीत हॉर्न वाजवत होता.

तुमची,
विभावरी


रिकार्टन, क्राइस्टचर्च
२५ जुलै २०२५

ती. विभावहिनी,

तुमचं पत्र आज मिळालं, या खेपेला टपाल चक्क तीन दिवसांत आलं. आधी काय काय पोचलं ते तुमच्याच पद्धतीने लिहिते. डबा एक, कोपराही दुखावलेला नाही. हीटपॅक एक, हाताला अजून कोमट लागत होता. पिशवी एक, दुहेरी टीप शाबूत. पाल एक, जिवंत. पुरचुंडी एक. डेपोत माझ्याकडून काही घेतलं नाही, जाण्या-येण्याचं बसभाडं तेवढं लागलं.

बुधवारी सकाळी बाहेर गवतावर पांढरं दव गोठलं होतं. डबा स्वेटरच्या आत धरून आणला. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, केक आहे का? मी हो म्हटलं. घरी आल्यावर मागच्या खोलीत हीटर लावून डबा तसाच थोडा वेळ ठेवला, मग पिशवी सोडली. पट्ट्यांमध्ये ती चपटी होऊन पडली होती. मेली असं वाटलं आणि आपण दादाची एवढी एक वस्तूही घालवली असं वाटलं. तेवढ्यात तिने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि जीभ काढून स्वतःचाच डोळा चाटला. मी तिला उचललं. डोळे न मिटता, वहिनी. उचलताना ती चक्क चिरकली, बारीकशी. मी टेबलावर टकटक केली आणि "कृष्ण कृष्ण" म्हटलं, अगदी आईसारखं. त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं आणि तिने कशाला साक्ष दिली, ते इथे लिहीत नाही. समोर बसून सांगायचं आहे.

संध्याकाळी पाणी प्यायली. काल दोन किडे खाल्ले. पोचल्याचा निरोप आणि फोटो मृदुलाच्या फोनवर लगेच टाकला. पुरचुंडीचं मात्र तिथे काही लिहिलं नाही.

ती मी रात्री जेवण झाल्यावर सोडली. हळद लावलेल्या अक्षता. एक सुपारी. आणि तुमची जपमाळ.

त्या माळेशिवाय तुम्हाला मी एक दिवस पाहिलेलं नाही. दादाला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी चपला विसरलात, पण माळ हातात होती. पिशवी हलू नये म्हणून बसवायला घरात चिंधी नव्हती का? जुनं वर्तमानपत्र नव्हतं? वहिनी, पाल काही जप करत नाही. ज्याला जे प्रवासात लागतं तेच प्रस्थानात बांधतात, हे तुम्हीच गेल्या महिन्यात मला लिहिलंत. हे प्रस्थान सत्यभामेचं नाही. आणि ते मेलबर्नच्या वाटेवरच्या घरात नाही, माझ्या घरात ठेवलेलं आहे.

तुम्हाला नाही म्हणता येत नाही हे कळलं. म्हणून तुम्ही गुरुदत्तला नाही न म्हणता पालीबरोबर मला हो पाठवलंत. मला ते पोचलं.

गुरुदत्तशी मी बोलेन. तो रागावणार नाही, थोडा हिरमुसेल, मग बरं वाटेल त्याला. तो लहान असताना मी त्याचे कान धरलेत, अजून तो माझं ऐकतो. मेलबर्नला वर्षातून एकदा जाऊन राहा, त्या कपाटात देव बसवून या. पण मागच्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून पाहिलं. पेटी खिडकीकडे थोडी सरकवावी लागेल. पाल कुरकुर करणार नाही. आणि दुपारी चहाला मला पेटीसमोर एकटं बसायला आता कंटाळा येतो.

माळ मी देवापाशी ठेवली आहे. हात लावणार नाही आणि टपालाने परतही पाठवणार नाही. ज्याचं प्रस्थान त्यानेच यायचं आणि आपल्या हाताने उचलायचं. पुढे कुठे जायचं असेल तर जा. नसेल तर उचलून तिथेच बसा.

गुरुवार तेवढा नको, दक्षिणेला निघायला तो चांगला नाही असं तुम्हीच म्हणाल. आणि निघताना नीट जेवून निघा, उपासाचा नियम पालीपुरता होता. येण्याचा दिवस उलट टपाली कळवा.

तुमची,
शकु